माया नगरं ओस का पडली? एका प्रश्नात अडकलेले तीन प्रश्न

प्रश्न असा आहे: “माया संस्कृती लयाला गेली ती दुष्काळामुळे, असं एके ठिकाणी वाचलं. दुसरीकडे युद्धांमुळे, तिसरीकडे जंगलतोडीमुळे. यातलं खरं काय? आणि एवढी लाखो माणसं गेली तरी कुठे?”

माझं काम पुराहवामानाचं. गुहेतले लवणस्तंभ उभे चिरायचे, त्यांच्या थराथरातून चिमूटभर भुकटी काढायची आणि हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या पावसाचा अंदाज बांधायचा, यात माझी वीसेक वर्षं गेली. तेव्हा मी ‘दुष्काळ’ म्हणून मोकळी होईन, असं कुणालाही वाटेल. सुरुवातीची काही वर्षं मी तसं म्हणतही होते. पुढे शिलालेख वाचणाऱ्या आणि उत्खनन करणाऱ्या मंडळींशी वाद घालता घालता लक्षात आलं, की आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना ‘पतन’ हे एकच नाव देऊन बसलोय. राजांनी लेख कोरणं आणि मंदिरं बांधणं थांबवलं, ही एक. लोकांनी नगरं सोडली, ही दुसरी. आणि पुढची कित्येक शतकं तिथे कुणी परतून वस्ती केली नाही, ही तिसरी. यांची कारणं एकच असायला हवीत असं कुठे आहे? बहुतेक सिद्धांत यातल्या एकाच गोष्टीचा उलगडा करतात आणि तिन्हींचा केल्याच्या थाटात मिरवतात.

आधी तारखा पाहू, कारण गंमत तिथेच आहे. आपण बोलतोय ते मुख्यतः मध्य अमेरिकेतल्या माया मुलुखाच्या दक्षिणेकडच्या सखल प्रदेशाबद्दल: ग्वातेमालातला पेतेन, बेलीझ, होंडुरासचा पश्चिम कोपरा, मेक्सिकोतले चियापास आणि काम्पेचे. इथला वैभवाचा काळ साधारण इ.स. २५० ते ९००. माया राजे कोरीव शिळांवर दिवसापर्यंत नेमकी तारीख घालत, त्यामुळे कोणत्या नगराची शेवटची तारीख कोणती हे सांगता येतं. दोस पिलास ही राजधानी ७६१ मध्ये पडली. पालेन्केची शेवटची तारीख ७९९ ची आणि तीही शिळेवर नाही, एका मडक्यावर. याश्चिलान ८०८, किरिग्वा ८१०, कोपान ८२२, टिकाल ८६९, सेइबाल ८८९ आणि सर्वांत शेवटी तोनिना, ९०९. म्हणजे ज्याला आपण ‘अचानक कोसळणं’ म्हणतो ते जवळजवळ दीडशे वर्षं चाललं होतं. पाच-सहा पिढ्या.

कोपानची ८२२ ची वेदी मला या सगळ्यात फार बोलकी वाटते. चौकोनी दगड. एका बाजूवर नवा राजा आधीच्या राजासमोर बसलेला कोरला आहे. दुसऱ्या बाजूवर काम नुसतं सुरू केलंय. उरलेल्या दोन बाजू कोऱ्या. पाथरवट छिन्नी खाली ठेवून गेला तो परतलाच नाही.

आता माझ्या घरचा पुरावा. १९९५ मध्ये डेव्हिड होडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माया मुलुखाच्या उत्तरेकडच्या युकातानमधल्या चिचानकानाब तळ्याच्या तळातून गाळाचा लांब गाभा काढला. या तळ्याच्या पाण्यात जिप्सम विरघळलेलं असतं. तळं आटू लागलं की ते स्फटिक होऊन तळाशी बसतं. नवव्या-दहाव्या शतकाच्या थरात असे जिप्समचे पट्टे मिळाले आणि दुष्काळाच्या सिद्धांताला पहिल्यांदा ठोस पाया मिळाला. २०१८ मध्ये त्याच तळ्यातल्या जिप्समच्या स्फटिकांत अडकलेलं पाणी तपासलं गेलं. म्हणजे अक्षरशः त्या काळचं तळ्याचं पाणी. त्यावरून वर्षाचा पाऊस साधारण निम्म्यावर आला होता आणि सर्वांत वाईट काळात सत्तर टक्क्यांपर्यंत घटला होता, असा हिशेब निघाला.

दरम्यान २००३ मध्ये गेराल्ड हाउग यांच्या गटाने व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगतच्या कारियाको खोऱ्यातला सागरी गाळ मोजला. पाऊस कमी झाला की नद्या कमी माती आणतात आणि गाळातलं टायटॅनियम घटतं. त्यांना साधारण ७६०, ८१०, ८६० आणि ९१० अशा चार कोरड्या कालखंडांच्या खुणा मिळाल्या. हा शोध गाजला, आणि गाजायलाच हवा होता. पण कारियाको पेतेनपासून दोन हजार किलोमीटरहून दूर आहे. एवढ्या लांबच्या मोजपट्टीवर एकेका नगराचं मरण लावायचं म्हणजे जरा धाडसच.

२०१२ मध्ये डग्लस केनेट आणि सहकाऱ्यांनी बेलीझमधल्या योक बालुम गुहेतल्या लवणस्तंभाचा दोन हजार वर्षांचा आलेख मांडला. मला त्यातला दुष्काळापेक्षा ओला भाग महत्त्वाचा वाटतो. ४४० ते ६६० हा काळ तिथे नेहमीपेक्षा बराच ओला होता. याच दोनशे वर्षांत लोकसंख्या वाढली, नवी राजघराणी उभी राहिली, शेती उतारांवर चढली. म्हणजे ज्या पावसाला हे लोक ‘नेहमीचा पाऊस’ समजून बसले तो मुळात अपवाद होता. ६६० नंतर हवा हळूहळू कोरडी होत गेली.

आमच्या धंद्यातली एक अडचण इथे सांगायलाच हवी, कारण बातम्यांत ती येत नाही. माया तारखा दिवसापर्यंत अचूक आहेत. २०१३ मध्ये टिकालच्या एका मंदिराच्या कोरीव तुळईचं कार्बन कालमापन करून माया पंचांग आणि आपलं पंचांग यांचा जो मेळ रूढ आहे तो बरोबर असल्याचंही दिसून आलं. आमच्या तळ्यांच्या गाळाच्या तारखांत मात्र काही दशकांची चूक सहज असू शकते. आता एका बाजूला दिवसाची अचूकता आणि दुसऱ्या बाजूला पन्नास वर्षांचा सैल पट्टा असला, तर कुठलाही राजा कुठल्या ना कुठल्या दुष्काळात मेलेला दाखवता येतो. युरेनियम आणि थोरियम या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून वय मोजलेले लवणस्तंभ यात बरेच सरस. २०२५ मध्ये युकातानमधल्याच एका गुहेतून ऋतूनुसार पाऊस सांगणारा आलेख आला: ८७१ ते १०२१ दरम्यान पावसाळा हुकलेले आठ कालखंड, त्यातला सर्वांत लांब तेरा वर्षांचा. तेरा वर्षं ओळीने पावसाळा दगा देतो म्हणजे काय, हे कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पण वरच्या तारखा पुन्हा बघा. ८७१ उजाडेपर्यंत दक्षिणेतली बरीचशी राजघराणी आधीच मुकी झाली होती. हा आलेख उत्तरेचा आहे आणि उत्तरेच्या कहाणीलाच तो जास्त लागू पडतो.

जागेचा गुंताही आहे. दुष्काळाने मारलं असतं तर आधी कोरडा भाग मरायला हवा. युकातानचं उत्तर टोक दक्षिणेपेक्षा कोरडं, तरी उश्माल आणि चिचेन इत्झा नवव्या शतकात भरभराटीला आली. उलट उसुमासिन्ता नदीच्या काठावरची याश्चिलान आणि पिएद्रास नेग्रास आधी संपली. पालेन्केच्या आवारातून तर झरे वाहतात. त्या नगराचं जुनं नाव लाकामहा, म्हणजे ‘मोठं पाणी’. दुष्काळवाद्यांचं उत्तर असं, की उत्तरेत भूजल उथळ आहे, चुनखडी खचून तयार झालेल्या नैसर्गिक विहिरींतून, सेनोतेंतून, ते हाताशी येतं. पेतेनमध्ये ते इतकं खोल आहे की सगळी मदार बांधीव तळ्यांवर. शिवाय नदी उशाशी असली तरी टेकडीवरचा मका पावसावरच पिकतो. हे उत्तर मला बरंचसं पटतं. पण त्यातच कबुली आहे: पावसाने काय केलं हे जमीन, तळी आणि कारभार यांवर ठरलं. नुसत्या पावसावर नाही.

युद्धाकडे वळू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एरिक थॉम्प्सन यांच्यासारख्या दिग्गजांच्या प्रभावाखाली माया म्हणजे तारे न्याहाळणारे शांतताप्रिय पुरोहित अशी समजूत होती. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह यांनी लिपी उच्चारांनी वाचता येते हे दाखवलं, १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी पिएद्रास नेग्रासच्या शिळांवर राजांचे जन्म, राज्यारोहणं आणि विजय नोंदलेले आहेत हे सिद्ध केलं, आणि ते ऋषितुल्य चित्र कोसळलं. टिकाल आणि कालाकमुल या दोन महासत्तांचं वैर आणि त्यांच्याभोवती फिरणारे मांडलिक, असा सगळा मामला निघाला.

दोस पिलासला जाऊन आलेला माणूस युद्धाचा सिद्धांत सहजी सोडत नाही. आर्थर डेमारेस्ट यांच्या पथकाला तिथे नगराच्या मधोमध घाईघाईने रचलेल्या तटबंद्या मिळाल्या. त्यांचे दगड कुठून आणले? राजवाड्याचे आणि मंदिरांचे चिरे उपसून. ज्या माणसांनी स्वतःच्या देवळाचे दगड काढून कुंपण घातलं त्यांच्यावर काय वेळ आली असेल! शेजारच्या अग्वातेकात ताकेशी इनोमाता यांना जळालेली सरदारवस्ती मिळाली. घरातल्या वस्तू जिथल्या तिथे, मालक पळालेले. पासिओन नदीवरच्या कांकुएनमध्ये इ.स. ८०० च्या सुमारास तीसहून जास्त उच्चकुलीन माणसं मारून, अंगावरच्या दागिन्यांसकट, पाण्याच्या कुंडात टाकलेली सापडली. याच टापूतल्या सांगाड्यांचा लोरी राइट यांनी अभ्यास केला. खाणं निकृष्ट होत गेल्याची, उपासमार वाढल्याची खूण हाडांत काही मिळाली नाही. म्हणजे या एका खोऱ्यात तरी आधी तलवार आली. भूक आलीच असेल तर मागाहून.

(तलवार हा आपला शब्द. त्यांच्याकडे धातूची शस्त्रं नव्हती. भाल्यांना चकमक आणि काचेसारख्या ज्वालामुखी दगडाची, ऑब्सिडियनची पाती असत.)

मग युद्ध हेच उत्तर? इथे मला अडतं. टिकाल ५६२ मध्ये सपाटून हरलं, सव्वाशेहून जास्त वर्षं तिथे शिळा उभी राहिली नाही, आणि त्यानंतर त्याच टिकालने आपली सर्वांत उंच मंदिरं बांधली. कोपानचा तेरावा राजा ७३८ मध्ये मांडलिक किरिग्वाच्या हाती सापडला आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. पण कोपानने मान टाकली नाही, पुढच्या वीस वर्षांच्या आत तिथला प्रसिद्ध लेखांचा जिना पुरा झाला. विट्झना हे नगर तर ६९७ मध्ये जाळलं गेलं: शेजारच्या नारान्होच्या शिळेवर जाळल्याची तारीख आहे आणि जवळच्या तळ्याच्या गाळात कोळशाचा जाड थर. बेचिराख करणारी युद्धं या लोकांना नवी नव्हती. आठव्या शतकापर्यंत पडलेलं नगर उठत असे. नवव्या शतकात ते उठेनासं झालं. सगळा वाद खरं तर या एका बदलाभोवती फिरायला हवा.

मला दिसतं ते असं. माया राजा स्वतःला ‘कुहुल अहाव’ म्हणवी, दिव्य अधिपती. मका पिकावा, पाऊस यावा, काळाचं चाक फिरावं यासाठी तो रक्त वाहून पूर्वजांशी बोलत असे. प्रजेने राबायचं ते याच्या मोबदल्यात. पाऊस भरपूर होता त्या दोनशे वर्षांत हा सौदा छान चालला. पुढे माणसं वाढली. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या लेझर सर्वेक्षणात पेतेनच्या सुमारे २१४४ चौरस किलोमीटरमध्ये ६१ हजारांहून जास्त वास्तू दिसल्या आणि त्यावरून मध्य सखल प्रदेशाची लोकसंख्या ७० लाख ते १ कोटी १० लाखांच्या घरात काढली गेली. सरदारही वाढले. कोपानमध्ये आठव्या शतकाच्या उत्तरार्धात राजाखालच्या मानकऱ्यांच्या वाड्यांत लेख कोरलेली आसनं दिसू लागतात. हा मान आधी राजाचा असे. खाणारी तोंडं जास्त, मिरवणारी त्याहून जास्त, आणि पाऊस बेभरवशाचा. अशा वेळी हरलेला राजा परत उभा राहायचा तर त्याला प्रजेने पुन्हा राबायला हवं. ती राबली नाही.

हे माझं मन रचतंय असं कुणी म्हणेल, म्हणून उकानालचं उदाहरण. क्रिस्टिना हाल्पेरिन यांच्या पथकाने २०२४ मध्ये तिथला एक भराव प्रसिद्ध केला. जुन्या राजांच्या थडग्यांतली हाडं आणि जेडचे अलंकार बाहेर काढून प्रचंड आगीत भाजले गेले होते आणि मग मंदिराच्या बांधकामात भर म्हणून ओतले होते. ना सन्मान, ना पुन्हा दफन. हे नवव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासचं. पापमालिल नावाचा, परक्या धाटणीच्या नावाचा एक राज्यकर्ता याच सुमारास पुढे येतो. आणि मग उकानाल ओस पडतं का? मुळीच नाही. तिथे नवी बांधकामं होतात, नगर नांदतं. राजघराणं जाहीरपणे जाळून टाकलं आणि गाव चालू राहिलं! ज्या सिद्धांतात राजे आणि रयत एकत्रच बुडतात त्याला हे पचवता येत नाही.

थॉम्प्सन यांनी फार पूर्वी शेतकऱ्यांच्या उठावाची कल्पना मांडली होती. पिएद्रास नेग्रासचं फोडलेलं सिंहासन त्याचा पुरावा म्हणून दाखवत. पण ८०८ मध्ये याश्चिलानने तिथल्या राजाला पकडल्याची नोंद आहे, तेव्हा सिंहासन शत्रूनेही फोडलेलं असू शकतं. मला बंडापेक्षा पाय काढून घेणं जास्त संभवनीय वाटतं. मक्याचं बी, जातं आणि पोरंबाळं घेऊन कुटुंबं एकेक करून निघून गेली, तर त्याचा लेख कोण कोरणार?

जंगलतोडीबद्दल लोकांचं मत फार ठाम असतं, पुरावा तितका नसतो. एक उदाहरण मात्र आपल्या ओळखीचं आहे. टिकालच्या मंदिरांच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या. डहाणू-घोलवडला ज्याच्या बागा आहेत तोच हा वृक्ष, मूळचा तिकडचाच. डेव्हिड लेंट्झ यांनी या तुळया तपासल्या तेव्हा दिसलं, की इ.स. ७४० च्या सुमारापर्यंत मोठमोठ्या सरळ चिकूच्या तुळया मिळत होत्या. त्यानंतर बारीक आणि हलक्या प्रतीच्या लाकडावर भागवावं लागलं. मंदिरांना लागणाऱ्या गिलाव्यासाठी चुना भाजायला सरपण लागे ते वेगळंच. जंगल घटल्याने पाऊसही आणखी घटला, असं हवामानाची प्रतिमानं सांगतात. पण कोपानच्या तळ्यातले परागकण कॅमेरून मॅकनील यांनी २०१० मध्ये पुन्हा मोजले तेव्हा ४०० ते ९०० या काळात झाडी वाढलेली निघाली! आणि पेतेनच्या तळ्यांत सर्वांत जाड मातीचा थर साचला तो या काळाच्या कितीतरी आधी, लोकवस्ती विरळ असताना. सरसकट ‘झाडं तोडली म्हणून मेले’ हे वाक्य मी तरी वापरत नाही.

भूकंप, पीतज्वर, मक्यावरचा विषाणू हेही सगळे कधी ना कधी सुचवले गेलेत. पीतज्वर अटलांटिकपलीकडून युरोपीय जहाजांबरोबर आला. बाकीच्यांबद्दल वेळ घालवण्यासारखं काही नाही. २०१२ ची जगबुडी आणि परग्रहवासी तर सोडाच.

आता तिसरा प्रश्न, जो सहसा कुणी विचारतच नाही. पाऊस पुढे सुधारला, जंगल परत वाढलं, जमीन विसावली. मग टिकाल पुन्हा का वसलं नाही? पेतेनमधलं मोठं नगर म्हणजे गाळ काढावा लागणारी, बांध दुरुस्त करावे लागणारी तळ्यांची साखळी. ती राखायला शेकडो हात आणि त्यांना कामाला लावणारी सत्ता लागते. टिकालच्या राजवाड्याजवळच्या तळ्यांच्या गाळात लेंट्झ आणि सहकाऱ्यांना २०२० मध्ये पारा आणि विषारी निळ्या-हिरव्या शेवाळाच्या खुणा मिळाल्या. पारा बहुधा भिंती रंगवायच्या हिंगुळातून, पावसाने धुऊन आलेला. म्हणजे शेवटी शेवटी मध्यवर्ती पाणी पिण्याच्या लायकीचंही राहिलं नसावं. त्यातच व्यापार बदलला. आधी जेड, काचदगड, पिसं नद्यांनी आणि पायवाटांनी पेतेनमधून जात. पुढे मीठ, कापूस, कोको होड्यांतून युकातानच्या किनाऱ्याने फिरू लागले. मधल्या बाजारपेठेला गिऱ्हाईक उरलं नाही. घाट बंद पडला की घाटावरचं गाव कसं बसतं, ते ठाऊक असेलच.

उत्तरेलाही सुटका नव्हती. चिचेन इत्झा अकराव्या शतकातल्या दीर्घ अवर्षणाच्या काळात उतरणीला लागलं. त्यानंतर मोठं झालेलं मायापान पंधराव्या शतकाच्या मध्याला फुटलं. तिथे शिऊ घराण्याने सत्ताधारी कोकोम घराण्याची कत्तल केल्याच्या आठवणी वसाहतकाळात लिहून ठेवल्या गेल्या. २०२२ मध्ये केनेट यांच्या गटाने मायापानचे सांगाडे आणि पावसाचा आलेख शेजारी ठेवले, तेव्हा १४०० ते १४५० दरम्यान कोरडी हवा आणि आपसातली हिंसा बरोबरीने चढलेली दिसली. दुष्काळ की युद्ध, असं विचारणाऱ्याला मी हल्ली मायापान दाखवते.

आणि माणसं कुठे गेली? काही तळ्यांच्या काठी, काही किनाऱ्याला, काही उत्तरेला. बेलीझमधलं लामानाई खाजणीच्या काठावर सलग नांदत राहिलं, स्पॅनिश येईपर्यंत. १५२५ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस पेतेनच्या रानातून गेला तेव्हा त्याला पेतेन इत्झा तळ्यातल्या बेटावर नोहपेतेन ही राजधानी भेटली. तिथला राजा आणि त्याचे वारस आणखी पावणेदोनशे वर्षं टिकले. १३ मार्च १६९७ ला मार्तीन दे उर्सुआने ते बेट घेतलं. टिकालपासून ते पायी दोनेक दिवसांच्या वाटेवरच असेल. आज माया भाषा बोलणारे लोक साठ लाखांहून जास्त आहेत, भाषा तीसच्या आसपास. ९०९ मध्ये तोनिनाला जी थांबली ती राजांची दीर्घगणना, म्हणजे शिळांवर कोरली जाणारी दिवसांची सलग मोजणी. २६० दिवसांचं पंचांग ग्वातेमालाच्या डोंगरातल्या किचे माया लोकांतले दिवसमोजे आजही मोजतात, आणि लग्नाला किंवा पेरणीला दिवस बरा आहे का हे त्यांना विचारायला लोक येतात.